शाळेतला गाण्याचा तास : मुलांचा घसा, कान आणि मन

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की कान-नाक-घशाच्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसते. सात-आठ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, सोबत आई, आणि तक्रार एकच. "डॉक्टर, याचा घसा बसलाय आणि परवा समूहगीत आहे. काहीतरी पटकन द्या." मग विचारपूस केली की कळते, पंधरा दिवस रोज दोन-दोन तास तालीम चालू आहे, पटांगणात, लाऊडस्पीकरच्या आवाजावर आवाज चढवून. घसा बसणारच!

पण आजचा लेख मला सुचला तो एका वेगळ्या रुग्णामुळे. तिसरीत शिकणारी एक मुलगी सर्दीसाठी माझ्याकडे आली होती. तपासणी संपवून औषध लिहिताना आई सहज म्हणाली, "हिला गाण्यात घेतलंय, पण बाईंनी सांगितलंय की तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. बेसूर गाते म्हणून." मुलगी खाली मान घालून बसली होती. मी पुन्हा एकदा दुर्बीण घेऊन तिचे दोन्ही कान पाहिले. पडदे मंद, आत ओढल्यासारखे, मागे पाणी साचलेले. ऑडिओमेट्री केली तेव्हा दोन्ही कानांनी तिला कमी ऐकू येत होते. घरी कुणाच्या लक्षात आले नव्हते, वर्गातही नाही. खूण दिसली होती ती फक्त गाण्याच्या तासाला, पण ती आजाराची खूण आहे हे कुणी ओळखले नाही.

म्हणून आज प्राथमिक शाळेतील संगीत या विषयाकडे आपण आरोग्याच्या बाजूने पाहू. गाणे मुलांनी गावे की नाही, असा प्रश्नच नाही. जरूर गावे. पण ते कोणत्या पट्टीत, किती वेळ आणि कसे शिकवावे, हे शिक्षकांना आणि पालकांना माहीत असायला हवे.

मुलांचे स्वरयंत्र वेगळे असते

मानेत पुढच्या बाजूला हाताला जो टणक भाग लागतो, ते स्वरयंत्र. त्यात दोन नाजूक स्वरतंतू असतात. श्वास बाहेर सोडताना हे दोन तंतू एकमेकांजवळ येतात, हवेने थरथरतात आणि आवाज तयार होतो. नवजात बाळात त्यांची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर असते. प्रौढ स्त्रीत ती सुमारे दीड सेंटिमीटर आणि पुरुषात सुमारे दोन सेंटिमीटर होते. वीणेची तार आखूड केली की स्वर वर जातो, तसेच इथेही आहे. तंतू आखूड आणि पातळ म्हणून मुलांचा आवाज बारीक असतो.

थरथरण्याचा वेग ऐकला तर आश्चर्य वाटेल. साधे बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे शंभर ते एकशे तीस वेळा एकमेकांवर आपटतात. स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा. सात-आठ वर्षांच्या मुलाचे मात्र अडीचशे ते तीनशे वेळा! म्हणजे मुलाने अर्धा तास सलग आवाज लावला तर ते कोवळे तंतू साडेचार लाखांहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात. त्यात ओरडणे आले की प्रत्येक आपटण्याचा जोरही वाढतो.

दुसरी गोष्ट अशी की, प्रौढांच्या स्वरतंतूंत आतले थर पक्के झालेले असतात. मुलांत हे थर हळूहळू तयार होतात आणि वयात येईपर्यंत ते काम चालूच असते. म्हणून मोठ्या गायकाला जो रियाझ झेपतो, तो मुलाला झेपत नाही. घोटून घेणे, खर्ज लावणे, तारसप्तकात ताण देणे हे प्रकार प्राथमिक शाळेच्या वयात नकोत. या वयात मुलगा आणि मुलगी यांच्या आवाजात फारसा फरकही नसतो. त्यामुळे "मुलांनी जाड आवाजात गायचे, मुलींनी बारीक" अशी सक्ती करण्यात काही अर्थ नाही.

पट्टी कोणाची : शिक्षकांची की मुलांची?

बहुतेक शाळांत पेटी वाजवणारे गुरुजी किंवा बाई आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतात आणि मुले त्यांच्यामागे ओढली जातात. इथेच पहिली चूक होते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ताण न देता जेमतेम पाच-सहा स्वर गाता येतात. पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतचा जो टापू आहे, तो लहान मुलांना सर्वांत सोयीचा. नऊ-दहा वर्षांपर्यंत हा पल्ला वाढत वाढत साधारण एका सप्तकाएवढा होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा : पहिली-दुसरीसाठी मधल्या सप्तकातली पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोन हा षड्ज धरावा आणि सा ते प, फार तर ध एवढ्यातच फिरणारी गाणी निवडावीत. तिसरी-चौथीपासून वरच्या सा पर्यंत हळूहळू जावे.

बाई जर आपल्या सवयीने काळी चार किंवा काळी पाच या पट्टीत खालून सुरुवात करतील, तर सुरुवातीचे स्वर मुलांना फार खाली पडतात. मग मुले गात नाहीत, जाड आवाजात ओरडतात. याउलट गुरुजींनी पांढरी चार-पाच धरली तर वरच्या सा ला पोचताना मुलांच्या मानेच्या शिरा ताठ होतात. मानेच्या शिरा, वर उचललेली हनुवटी आणि लाल झालेला चेहरा या तीन खुणा दिसल्या की समजावे, पट्टी चुकली.

आणखी एक. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा सुमारे एक सप्तक खाली असतो. लहान मुलांना त्या आवाजाबरोबर सूर जुळवणे अवघड जाते. ती खालचा आवाज काढायला बघतात आणि गडबडतात. अशा वेळी गुरुजींनी स्वतः थांबून, वर्गातल्या एखाद्या बऱ्या गळ्याच्या मुलीला किंवा मुलाला आधी गायला सांगावे आणि बाकीच्यांनी तिच्यामागे म्हणावे. मूल मुलाचा आवाज लवकर पकडते.

परिपाठाच्या वेळी रोज प्रार्थना आणि राष्ट्रगीत होते. राष्ट्रगीताची चाल साधारण सप्तकभर फिरते. कुणीतरी उत्साहाने वरच्या पट्टीत सुरुवात केली की शेवटच्या जयघोषाला सगळी शाळा ओरडू लागते. सुरुवातीचा स्वर पेटीवर एकदा वाजवून दिला, तरी हे टळते. त्याला खर्च काहीच नाही.

घसा बसतो म्हणजे काय होते?

ओरडून, किंचाळून किंवा चुकीच्या पट्टीत गाऊन स्वरतंतूंना सूज येते. दोन-चार दिवस आवाजाला आराम मिळाला की ती उतरते. पण सूज उतरायच्या आधीच पुन्हा ताण पडत राहिला, तर जिथे आपटण्याचा जोर सर्वाधिक तिथे, तंतूंच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना घट्टे पडावेत तशा बारीक गाठी तयार होतात. कुदळ धरून हाताला घट्टा पडतो, तसाच हा प्रकार. मुलांचा आवाज बरेच दिवस घोगरा राहण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त दिसते, कारण मैदानावर ओरडाआरडा तेच अधिक करतात.

'गाठ' हा शब्द ऐकून पालक घाबरतात. इथे घाबरण्याचे कारण नाही. या गाठी कर्करोगाच्या नव्हेत आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही. ओरडणे कमी करणे, पाणी भरपूर पिणे आणि वाचा-उपचार तज्ज्ञांकडून आवाज योग्य तऱ्हेने लावायला शिकणे, एवढ्याने बहुतेकांना गुण येतो. वयात येताना स्वरयंत्र वाढते, तेव्हा उरलेसुरले घट्टेही पुष्कळदा जातात.

तरीही एक नियम लक्षात ठेवा. सर्दी-खोकला बरा होऊनही आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काही मुलांत विषाणूमुळे स्वरयंत्रात चामखिळीसारख्या वाढी होतात. त्यांची सुरुवातही घोगऱ्या आवाजानेच होते. आवाज बसण्याबरोबर श्वास घ्यायला त्रास होत असेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा गिळता येत नसेल, तर मात्र तीन आठवडे सोडा, तीन तासही थांबू नका.

बेसूर, की कमी ऐकू येते?

आता सुरुवातीला सांगितलेल्या मुलीकडे वळू.

मूल सुरात गाते ते कानाने. आधी स्वर ऐकायचा, मनात धरायचा, मग गळ्यातून काढायचा आणि आपण काढलेला स्वर पुन्हा कानाने तपासायचा, असा हा फेरा आहे. यातील कान हा पहिला आणि शेवटचा टप्पा. तोच कच्चा असेल तर गळ्याला दोष देऊन काय उपयोग?

लहान मुलांत कमी ऐकू येण्याचे एक फार आढळणारे कारण म्हणजे कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानाकडे एक नळी जाते. ती कानात हवा खेळती ठेवते. मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीत ती सहज बंद पडते आणि कानात पातळ किंवा चिकट पाणी साठते. नाकामागच्या ॲडेनॉईड नावाच्या गाठी वाढल्या असतील तर हा त्रास वारंवार होतो. कान दुखत नाही, फुटत नाही, वाहत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाला फक्त कानात बोटे घालून ऐकावे तसे ऐकू येते. एक दिवस बरे, एक दिवस कमी, असाही प्रकार असतो. त्यामुळे "ऐकू येतं त्याला, पण मुद्दाम लक्ष देत नाही" असा शिक्का बसतो.

बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. म्हणून डॉक्टर पुष्कळदा लगेच शस्त्रक्रिया सांगत नाहीत, थांबून पुन्हा तपासतात. प्रतिजैविके किंवा सर्दीच्या गोळ्या यांनी हे पाणी जात नाही, त्यामुळे त्या मागून घेऊ नयेत. तीन महिन्यांनंतरही पाणी आणि बहिरेपणा टिकला, तर पडद्याला सूक्ष्म छेद देऊन पाणी काढतात. गरज पडल्यास ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात, ॲडेनॉईड काढतात. त्या मुलीला शेवटी हेच करावे लागले.

कान वाहणे हे दुसरे कारण. "लहानपणी कान वाहतोच, मोठेपणी थांबतो" अशी समजूत अजूनही आपल्या भागात आहे. ती चुकीची आहे. कानात तेल, लसणाची फोडणी किंवा झाडपाल्याचा रस घालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मुलांमधील बहिरेपणाची साठ टक्के कारणे टाळता येण्यासारखी आहेत. वेळेवर लसीकरण, कानाच्या जंतुसंसर्गावर वेळेवर उपचार आणि मोठ्या आवाजापासून बचाव हे त्याचे मुख्य मार्ग.

शिक्षकांनी गाण्याच्या तासाला पुढील खुणांवर नजर ठेवावी :

१) टाळी किंवा ओळ एक क्षण उशिरा सुरू करणारे, शेजाऱ्याकडे बघून मग म्हणणारे मूल.
२) चाल धरते, पण शब्द चुकीचे किंवा अर्धवट म्हणते.
३) गाताना सतत शिक्षकांच्या तोंडाकडे पाहते किंवा एक कान पुढे करते.
४) तोंड उघडे ठेवून श्वास घेते. घरी विचारले तर रात्री घोरते असे कळते.
५) हाक मारली की "काय?" असे पुन्हा पुन्हा विचारते.

अशा मुलाच्या मागे एक हात अंतरावर उभे राहून हळू, कुजबुजत्या आवाजात ओळखीचे शब्द म्हणा आणि त्याला ते परत म्हणायला सांगा. आधी एक कान बोटाने बंद करून, मग दुसरा. शब्द चुकू लागले तर पालकांना बोलावून कानाची तपासणी करायला सांगा. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण संशय घ्यायला पुरेशी आहे. शाळांसाठी शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. त्याची सुरुवात 2013 मध्ये आपल्या राज्यातल्या पालघर येथून झाली. या कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत बहिरेपणाही आहे. पथक येईल तेव्हा शिक्षकांनी 'हे मूल उशिरा टाळी देते' एवढी टीप जरी त्यांच्या हाती दिली, तरी त्यांचे काम सोपे होईल.

कान चांगले असूनही काही मुले सुरात गात नाहीत. त्यांतील बहुतेकांना सराव कमी पडलेला असतो, वयानुसार आणि सरावाने सूर जुळू लागतो. ज्यांना जन्मतःच स्वरांतला फरक कळत नाही, अशी मुले फार थोडी असतात. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाला 'बेसूर' ठरवणे म्हणजे चालायला लागलेल्या बाळाला 'लंगडा' म्हणण्यासारखे आहे.

गाण्याने बुद्धी वाढते का?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. बाजारात 'बुद्धी वाढवणाऱ्या संगीता'च्या जाहिरातीही दिसतात. याचे मूळ 1993 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आहे. कॅलिफोर्नियातील 36 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. त्यानंतर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला. प्रयोग मुलांवर नव्हता आणि गायला-वाजवायला शिकण्याचाही नव्हता. तरीही बातमी पसरत गेली. 1998 मध्ये तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी द्यावी असा प्रस्ताव मांडला!

पुढे 2004 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे सहा वर्षांच्या 144 मुलांवर एक अधिक नीट अभ्यास झाला. काहींना वर्षभर वाद्य, काहींना गायन, काहींना नाट्य शिकवले आणि काहींना काहीच नाही. सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला, संगीतवाल्यांचा किंचित अधिक. पण नंतर अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, 2020 मध्येही झाली. त्यात असे दिसले की प्रयोग जितका काटेकोर, तितका हा बुद्धीवरचा परिणाम शून्याकडे जातो. तेव्हा गाणे शिकवल्याने गणितात पैकीच्या पैकी मिळतील, या आशेवर मुलाला क्लासला घालू नका. तसे झाले नाही की राग निघतो तो गाण्यावर आणि मुलावर.

मग गाण्याचा फायदा काय?

फायदे आहेत, आणि ते खरे आहेत. समूहात एका तालात गाणाऱ्या मुलांत एकमेकांबद्दल आपलेपणा वाढतो. 2010 मध्ये जर्मनीत चार वर्षांच्या 96 मुलांवर प्रयोग झाला. एकत्र गाऊन, नाचून खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावली. तोच खेळ गाण्याशिवाय खेळलेली मुले तितकी धावली नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत होते. भोंडल्याची फेरी, जात्यावरच्या ओव्या, दिंडीतला टाळ हे सगळे एकत्र गाण्याचेच प्रकार.

तोतरे बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक विशेष गोष्ट दिसते. बोलताना अडखळणारे मूल बहुधा गाताना अडखळत नाही. गाण्याने तोतरेपणा बरा होतो असे नव्हे, त्यासाठी वाचा-उपचार लागतात. पण ज्या मुलाला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, त्याला दिवसातून एकदा तरी सगळ्यांबरोबर न अडखळता आवाज काढता येतो, हे त्याच्या मनाला फार मोठे औषध आहे. अशा मुलाला समूहगीतातून वगळू नका.

भाषेलाही मदत होते. गाण्यात शब्दांची फोड होते, ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळते, यमक सापडते. बोबडे बोलणाऱ्या मुलाकडून बडबडगीत हळू लयीत म्हणून घेतले, तर उच्चार घोटले जातात. दम्याच्या मुलांनीही गायला हरकत नाही. मात्र गाणे हा दम्याचा उपचार नव्हे, त्यांचा पंप बंद करू नये. आणि लेझीम, झांज, टाळ यांच्या तालावर हालचाल केली की व्यायाम होतो तो वेगळाच.

संगीत शिक्षक नाहीत, मग कसे शिकवायचे?

हा अडसर खरा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही शंभरापेक्षा जास्त पट असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. म्हणजे प्राथमिक शाळेत गाणे शिकवायचे ते वर्गशिक्षकांनीच.

पण त्यासाठी विशारद असावे लागत नाही. हंगेरी देशातील संगीतकार झोल्टान कोदाय यांनी, मुलाचे पहिले वाद्य म्हणजे त्याचा स्वतःचा गळा, असे धरून शिक्षणाची एक पद्धत उभी केली. 1950 मध्ये त्यांच्या केचकेमेट या गावी रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. मातृभाषेतील लोकगीते, थोडेच स्वर आणि हाताच्या खुणा, एवढ्यावर ही पद्धत उभी आहे. सुरुवातीला पाच स्वरांची गाणी घेतात. आपल्याकडेही नवशिक्या विद्यार्थ्याला पाच स्वरांचा भूप लवकर शिकवतातच.

आणि आपल्याकडची परंपरा काय कमी आहे? कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. उपचारासाठी मिरजेला आलेला हा मुलगा तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे सामान्य घरांतल्या मुलामुलींना वर्गात बसवून शिकवता येते, हे दाखवून दिले. मुलांनो, फटाके जपून उडवा, हाही धडा त्यात आहेच!

वर्गशिक्षकांसाठी वीस मिनिटांचा एक साधा तास असा घेता येईल :

पहिली तीन मिनिटे : ताठ पण सैल उभे राहणे, खांदे न उचलता नाकाने श्वास, मग 'म्‌ऽऽ' असा ओठ मिटून हलका गुणगुणाट. भुंग्यासारखा. याने गळा तापतो, ताण पडत नाही.

पुढची पाच मिनिटे : ताल. टाळ्या, चुटक्या, बाकावर बोटे. शिक्षकांनी चार टाळ्यांचा नमुना द्यायचा, मुलांनी परत द्यायचा. कमी ऐकू येणारे मूल इथेच ओळखू येते.

पुढची दहा मिनिटे : एकच छोटे गाणे. एक ओळ शिक्षकांची, एक मुलांची. म्हणजे मुलांच्या गळ्याला प्रत्येक ओळीनंतर आपोआप विसावा मिळतो.

शेवटची दोन मिनिटे : डोळे मिटून ऐकणे. पेटीचा एक स्वर, बाहेरचा पक्षी, काहीही. ऐकणे हेही गाणेच आहे.

आठवड्यातून एकदा तासभर ओरडण्यापेक्षा रोजची ही वीस मिनिटे कितीतरी चांगली.

काही समज, काही पथ्ये

चिंच, ताक, पेरू खाल्ल्याने आवाज कायमचा बिघडतो, या समजुतीला फारसा आधार नाही. ज्या मुलाला एखाद्या पदार्थाने खवखव होते, त्याने गाण्याआधी तो टाळावा, बस्स. गुळण्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. ते पोचले तर ठसका लागेल! गुळण्यांनी घशाला आराम वाटतो, एवढेच. थंडावा देणाऱ्या गोळ्या चघळून घशाची जाणीव बोथट होते आणि मूल आणखी ओरडते. स्वरतंतूंसाठी खरे औषध म्हणजे पाणी आणि विश्रांती. गाण्याच्या तासाआधी आणि नंतर मुलांना घोटभर पाणी पिऊ द्या.

सर्दी-खोकल्यात, घसा बसलेला असताना मुलाला गायला लावू नका. त्याला टाळ द्या, ताल धरू द्या. बसलेल्या घशाने जोर लावून कुजबुजणेही टाळावे.

तालीम अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग नको. माइक असेल तर त्याचा उपयोग मुलांना कमी जोरात गाता यावे यासाठी करा. स्पीकर मुलांच्या पाठीशी किंवा कानाशी ठेवू नका. एक हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानांना घातक आहे असे समजावे. मिरवणुकीतल्या डीजेपुढे मुलांना नाचवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

बासरी, पिपाणी, मेलोडिका ही तोंडाने वाजवायची वाद्ये एकाची दुसऱ्याने वापरू नयेत. शाळेची असतील तर प्रत्येक वेळी तोंडाचा भाग साबणाने धुऊन वाळवावा.

आणि शिक्षकांनो, स्वतःच्या घशाचीही काळजी घ्या. दिवसभर बोलण्याच्या व्यवसायात आवाजाचे आजार जास्त होतात आणि शिक्षक त्यात आघाडीवर आहेत. वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी टाळ्यांचा एक ठरलेला ताल वापरा. मुलांनी तो परत दिला की वर्ग शांत. हा गाण्याच्या तासाचा तुम्हाला होणारा पहिला फायदा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिलेच. शस्त्रक्रियेनंतर तिची आई सांगत होती, "घरातला पंखा एवढा वाजतो, हे तिला आत्ता कळलं." पुढच्या स्नेहसंमेलनात ती समूहगीतात उभी राहिली, दुसऱ्या रांगेत. फार गोड गायली असे मी म्हणणार नाही. पण तिच्या ओठांबरोबर या वेळी आवाजही होता.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना एवढेच सांगणे : "तू नुसते ओठ हलव" असे एकाही मुलाला म्हणू नका. म्हणावेसे वाटले, तर आधी त्याचे कान तपासून घ्या.